आकडा खरा, पण कुठून कुठवरचा?

जालन्यात नेट रांगायला लागलं की दोष कुणाला द्यायचा हे ठरलेलं असतं. आधी केबलवाल्याला, मग पावसाला, आणि ते दोघंही हाती लागले नाहीत तर घरातल्या पोरांच्या मोबाइलला. मी जुन्या जालन्यात राहतो, करसल्लागाराचं काम घरूनच करतो. मुलगा पुण्यातल्या एका कंपनीची नोकरी वरच्या मजल्यावर बसून करतो. म्हणजे सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत घरात नेट लागतंच, आणि गेलं की दोघांचीही पोटापाण्याची कामं अडतात. त्यातून मोजण्याची सवय लागली. पुढं गल्लीतले लोकही ‘जरा आमचं नेट बघता का’ म्हणून हाक मारायला लागले. खाली लिहिलंय त्यातलं काही वायरमननं शिकवलं, काही मुलानं, बाकीचं वायरी काढून-घालून कळलं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. स्पीड टेस्टचा आकडा सहसा खोटं बोलत नाही. तो कुठून कुठवरचा, कोणत्या वेळचा आणि कशावर मोजलेला, हे आपण विचारत नाही, आणि सगळी भांडणं तिथून सुरू होतात.

१. भांडायला जाण्याआधी आठनं भागा

बाजारातले एक व्यापारी तावातावानं आले होते. ‘शंभरचे पैसे घेतो आणि अकराचं नेट देतो, ही सरळ लूट आहे.’ त्यांनी कॉम्प्युटरवर एक मोठी फाइल उतरवायला लावली होती आणि खिडकीत अकराच्या आसपासचा आकडा दिसत होता. कंपनी मोजते मेगाबिटमध्ये, फाइल उतरताना दिसतं ते मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. शंभरला आठनं भागलं की साडेबारा. वाटेतला थोडा खर्च वजा जाता अकरा-साडेअकरा म्हणजे नेट व्यवस्थित चालू आहे. शेठजी स्वतः क्विंटल आणि किलोत कधी चुकायचे नाहीत, पण हा फरक त्यांना विकताना कुणी सांगितलाच नव्हता. जाहिरातीत मोठा दिसणारा आकडा छापतात, त्यात नवल काही नाही.

२. पहिली टेस्ट वायरनं, मोबाइलवर नाही

लोक टेस्ट कशी करतात? आतल्या खोलीत, पलंगावर आडवं पडून, चार वर्षांच्या मोबाइलवर. तिथं ३० आले की फोन लावून आरडाओरडा. समोरचा म्हणतो, ‘काका, इकडून तर फुल्ल जातंय.’ आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

समृद्धी महामार्गावरून ताशी १२० नं आलेली गाडी जालन्याला उतरून आमच्या गल्लीत शिरली की तिच्यापुढं भाजीची हातगाडी असते. कंपनी जो वेग विकते तो भिंतीवर लावलेल्या पेटीपर्यंतचा, आमच्याकडं जिला सगळे मोडेमच म्हणतात. पुढचं वाय-फाय ही आपली गल्ली, तिची जबाबदारी आपलीच.

म्हणून लॅपटॉपला लॅन केबल लावायची, केबलचं दुसरं टोक मोडेममध्ये, घरातल्या बाकी सगळ्यांचं वाय-फाय बंद, ब्राउझरमधले उगाच उघडे राहिलेले टॅब बंद, आणि मग टेस्ट. हा आकडा कंपनीचा. नंतर लॅन काढून त्याच जागी, मोडेमपासून हातभर अंतरावर, वाय-फायवर टेस्ट. हा मोडेमच्या वाय-फायचा. मग शेवटी पलंगावर जाऊन. हा घराचा. तीन आकडे शेजारी-शेजारी लिहिले की दुखणं कुठं आहे ते बहुतेक वेळा तिथंच दिसतं.

वायरनं मोजतानाही एक सापळा आहे. आम्ही दोनशेचा प्लॅन घेतला तेव्हा वायरनं सारखे ९४ दिसत होते. सकाळी ९४, रात्री ९४, बदलच नाही. नेटचा वेग कधी इतका इमानदार नसतो. आकडा ९४-९५ ला खिळला म्हणजे वाटेत कुठंतरी शंभरचं तोंड आहे असं समजायचं. जुन्या राउटरचं लॅनचं भोक १०/१०० चं असतं, त्यातून त्यापुढं जातच नाही. आमच्याकडं मात्र दोष केबलचा निघाला. मुलानं तिचं टोक उजेडात धरून दाखवलं: पारदर्शक प्लास्टिकच्या क्लिपमध्ये आठ खाचा, आणि तारा फक्त चार. केशरी जोडी, हिरवी जोडी, बाकीच्या खाचा मोकळ्या. वायरिंग करणाऱ्यानं निळी आणि तपकिरी जोडी कापूनच टाकली होती. चार तारांवर शंभर मेगाबिट चालतात, हजारसाठी आठही लागतात. तयार केबल आणून लावली आणि आकडा १९० च्या वर गेला. त्या दिवशी कंपनीला फोन केला असता तर त्यांनी नवा राउटर गळ्यात मारला असता.

३. भिंत, कपाट, कूलर

इथं जरा रेंगाळतो, कारण मी पाहिलेल्या ‘स्लो नेट’च्या तक्रारींपैकी बहुतेक इथंच मिटल्या.

जुन्या जालन्यातल्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, हात-दीड हात जाडीच्या. वरचा मजला मात्र अलीकडचा, सळईच्या स्लॅबचा. वाय-फायला या दोन्ही गोष्टी जड जातात. आणि मोडेम कुठं असतो? जिथून वायर घरात शिरते तिथं, म्हणजे दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागं. त्यावर धूळ बसू नये म्हणून कुणीतरी त्याला शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवलेलं असतं, शेजारी लोखंडी कपाट. एका घरात तर मोडेमवर क्रोशाचं झाकण होतं. दिसायला छान, पण पेटी तापून लालबुंद.

एप्रिल-मे महिन्यात एक वेगळीच तक्रार येते: ‘हिवाळ्यात चांगलं चालत होतं, आता काय झालं?’ झालं एवढंच की खिडकीत कूलर आला. पत्र्याचा देह, आत पाण्यानं भरलेली टाकी, ओल्या जाळ्या. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या गिळतं. मोडेम आणि मुलाचं टेबल यांच्या मधोमध असा कूलर उभा राहिला की आकडा निम्म्यावर यायला दुसरं कारण लागत नाही. कूलर हलवता येत नाही, जालन्याच्या उन्हाळ्यात तर नाहीच. मोडेम हलवा. तो घराच्या मध्यावर, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला हवा. त्यासाठी आतली वायर आठ-दहा मीटर वाढवावी लागली तरी तो खर्च एकदाच होतो.

दुसरं, दोन नावांची भानगड. मोडेम दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिली पट्टी दूर जाते, भिंत ओलांडते, पण हळू. शिवाय शेजारच्या सगळ्या घरांचे मोडेम, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही तिथंच गर्दी करतात. दुसरी वेगवान, पण एका जाड भिंतीतच दमते. आमच्याकडं दोन्हींना वेगळी नावं दिली आहेत. टेबलावरचा लॅपटॉप ५ वर, अंगणातला कॅमेरा आणि मागच्या खोलीतला आईचा मोबाइल २.४ वर. मोडेमच्या सेटिंगमध्ये २.४ ला चॅनल निवडता येतं. एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच, १, ६ आणि ११. शेजारी कशावर आहेत ते मोबाइलवरच्या वाय-फाय तपासणाऱ्या फुकटच्या ॲपमध्ये दिसतं. आमच्या गल्लीत सगळे ६ वर बसले होते. आम्ही ११ वर गेलो.

आणि तिसरं, भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे ते ‘बूस्टर’. नाव बूस्टर, पण तो काहीही वाढवत नाही. ऐकलेलं पुन्हा बोलतो. एकाच पट्टीवर ऐकायचं आणि त्याच पट्टीवर बोलायचं, त्यात जवळपास निम्मा वेग खर्ची पडतो. आणि लोक तो बरोबर तिथंच लावतात जिथं वाय-फाय आधीच मेलेलं असतं! वरच्या मजल्यावर नेट हवं असेल तर पाइपातून लॅन केबल वर न्या आणि तिथं जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडा. आम्ही तेच केलं. मुलाच्या मीटिंगा तेव्हापासून तुटल्या नाहीत.

४. आकड्याशेजारी वेळ लिहा

हिशेबाची सवय म्हणून म्हणा, मी एक वही ठेवली होती. तारीख, वेळ, वायर की वाय-फाय, डाउनलोड, अपलोड, पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागलेला वेळ. पहाटे, दुपारी आणि रात्री साडेनऊला. पंधरवड्यात चित्र स्पष्ट होतं. दिवसभर सारखंच कमी येत असेल तर दोष लाइनचा किंवा घरातला. पहाटे भरपूर आणि रात्री निम्मं, तर ती गर्दी. आयपीएलच्या रात्री ती गर्दी डोळ्यांनी दिसते.

गर्दी का होते, ते समजून घेण्यासारखं आहे. घरी येणारी काचेची तार आपल्या एकट्याची नसते. शहरात फायबर जोडणीची जी नेहमीची पद्धत आहे, तिला जीपॉन म्हणतात. तिच्यात केंद्रातून निघालेली एक तार स्प्लिटरमध्ये फुटून ३२ किंवा ६४ घरांना जाते. त्या एका तारेची येण्याची एकूण क्षमता सुमारे २.५ गिगाबिट, जाण्याची त्याच्या निम्मी. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ मेगाबिट येतात. सगळे एकाच क्षणी जोर लावत नाहीत, म्हणूनच प्रत्येकाला शंभर-दोनशे विकता येतात. खरी अडचण बहुधा त्याच्याही पुढं असते, स्थानिक ऑपरेटरनं वरून किती बँडविड्थ विकत घेतली आहे तिथं. दूरसंचार नियामक ट्रायनं २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी एका जागेवर पन्नास ग्राहक, यापुढं जाऊ नये असं मार्गदर्शक तत्त्व दिलं होतं. आपल्या खांबावर आणि त्यामागं कितीचा हिशेब चालतो हे ग्राहकाला कळायला काही मार्ग नाही. वही तेवढी हातात असते.

५. टेस्ट कुठवर गेली ते बघा

स्पीड टेस्ट ही कुठल्यातरी दूरच्या कॉम्प्युटरशी केलेली देवघेव असते. २००६ पासून चालणारं ऊक्लाचं स्पीडटेस्ट आपणहून जवळचा, लवकर उत्तर देणारा सर्व्हर निवडतं. बऱ्याचदा तो आपल्याच कंपनीच्या जाळ्यात, छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईला असतो. म्हणजे टेस्ट कंपनीच्या अंगणाबाहेर पडलीच नाही. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सनं काढलेलं फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरपर्यंतचं मोजतं. त्याच वर्षी ट्रायनं मायस्पीड ॲप आणलं, ते मुख्यतः मोबाइल डेटासाठी. तिन्हींचे आकडे वेगळे आले तर घाबरू नका, तीन वेगळ्या रस्त्यांची ती मोजणी आहे. मी ऊक्लात सर्व्हर हातानं बदलतो. एकदा आपल्या कंपनीचा, एकदा मुंबईतला दुसऱ्या कुणाचा. पहिल्यावर ९५ आणि दुसऱ्यावर ४० असेल, तर लाइन ठणठणीत आहे, कंपनीचा बाहेर जाणारा रस्ता अरुंद आहे.

अंतराचाही हिशेब आहे. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जालना-मुंबई धरा चारशे किलोमीटर, जाऊन-येऊन आठशे, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्याच्या खाली पिंग येणं शक्यच नाही, कितीही पैसे भरा. प्रत्यक्षात वळसे आणि थांबे धरून १० ते २० दिसलं तर उत्तम. अमेरिकेतल्या सर्व्हरला २०० च्या वर लागतात, त्यालाही इलाज नाही.

आमच्या धंद्यात दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला हाच गोंधळ. विवरणपत्र भरायचं पोर्टल गोल-गोल फिरत बसतं, आणि अशील फोनवर, ‘साहेब, तुमचं नेट स्लो दिसतंय.’ माझं नेट तेव्हा यूट्यूबवर मख्खन चालू असतं. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स आपल्या साठवणीच्या पेट्या इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रातच ठेवतात, त्यामुळं सिनेमा शेजारून येतो. पोर्टलवर त्या दिवशी देशभरातले लोक एकदम तुटून पडलेले असतात. घरचा प्लॅन पन्नासचा असो की पाचशेचा, रांग तिथं लागलेली आहे. पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांत गावोगावच्या सेवा केंद्रांवर शेतकरी ताटकळतात, त्यातही बराच भाग हाच. तरी शिव्या केंद्र चालवणाऱ्या पोराच्या नेटला.

६. डाउनलोड चांगलं, तरी कॉल तुटतो? अपलोड बघा

लग्नसराईत आमच्याकडं विचित्र व्हायचं. टेस्टला ९० च्या वर, आणि मुलाची मीटिंग अडखळत. समोरच्याचा आवाज यायचा, याचा जायचा नाही. शेवटी सापडलं ते असं. लग्नाहून परतलेले चार मोबाइल घरात शिरल्याबरोबर वाय-फायला जोडले जायचे आणि शेकडो फोटो, हळदीचे आणि वरातीचे व्हिडिओ मुकाट्यानं वर चढवायला लागायचे. जाणारा रस्ता गच्च भरला की मोडेम पुढचा माल आपल्याकडं साठवून रांगेत उभा करतो. मीटिंगमधल्या आवाजाचा छोटासा तुकडाही त्याच रांगेत अडकतो. फाइल अर्धा सेकंद उशिरा पोचली तर कुणाला कळत नाही. बोलणं अर्धा सेकंद उशिरा पोचलं तर माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो.

हे साध्या टेस्टमध्ये दिसत नाही, कारण पिंग मोजताना लाइन रिकामी असते. फास्ट डॉट कॉमवर जास्तीची माहिती उघडली की रिकाम्या लाइनवरची आणि भरलेल्या लाइनवरची दिरंगाई वेगवेगळी दाखवतात. पहिली १२ आणि दुसरी ३०० असेल तर दुखणं हेच. फोटोंचं बॅकअप रात्री चार्जिंगवर असतानाच व्हावं असं करून ठेवलं, आणि राउटरमध्ये मुलाच्या लॅपटॉपला प्राधान्य दिलं. प्लॅन वाढवायची गरज पडली नाही. पिंगशेजारी ‘जिटर’ असं लिहून येतं, तेही बघत जा. पिंग दर खेपेला किती खाली-वर होतो ते त्यात कळतं. कॉलसाठी सतत ४० परवडतो, पण १० आणि १५० च्या मध्ये उड्या मारणारा परवडत नाही.

७. दिव्यांची भाषा

टेस्ट उघडतच नसेल तर आधी मोडेमकडं बघा. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा म्हणजे प्रकाश घरापर्यंत पोचतोय. ‘लॉस’चा लाल दिवा लागला म्हणजे तार कुठंतरी तुटली, वाकली किंवा निघाली. मग मोडेम चालू-बंद करण्यात अर्थ नाही. रस्त्यावर जेसीबी दिसला का, छतावर माकडं नाचून गेली का, एवढं बघून फोन करा. पॉन हिरवा आणि तरी नेट नाही, तर बहुधा रिचार्ज संपलाय किंवा गडबड कंपनीच्या टोकाला आहे.

लाईट गेली की मोडेम बंद पडतो, तो परत उभा राहायला काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात मीटिंग संपते. बहुतेक मोडेम १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस मोडेमच्या मागं ठेवला की काम भागतं. अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच घ्या. आणि ढग गडगडायला लागले की लॅनची वायर काढून ठेवा. काचेच्या तारेतून वीज येत नाही, तांब्याच्या तारेतून येते.

कधी कधी शून्याचं कारण आपल्या घरातही नसतं आणि कंपनीतही नसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात प्रशासनानंच काही तास इंटरनेट बंद ठेवलं होतं. अशा दिवशी वायरी उपसू नयेत.

८. गावाकडची टेस्ट वेगळी

घनसावंगी तालुक्यात मेहुण्याचं शेत आहे. मोसंबीच्या बागेतल्या घरात फायबर नाही, मोबाइलच्या सिमवर चालणारा राउटर आहे. तिथं एका टेस्टवर विश्वास ठेवू नये. दर दहा मिनिटांनी आकडा बदलतो, कारण टॉवर सगळ्यांचा आणि मधे झाडं. त्यानं राउटर माजघरातून काढून टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवला आणि वेग दुपटीहून वर गेला, फुकटात. फक्त तिथं हौसेनं टेस्ट करत बसू नये. शंभरच्या वेगानं दहा सेकंदांची टेस्ट म्हणजे सव्वाशे एमबी खर्च. रोजचा दीड जीबीचा पॅक असला तर पाच-सहा टेस्टमध्ये अर्धी वाट लागते आणि संध्याकाळी बाजारभाव बघायला नेट उरत नाही.

९. किती घ्यावं?

विकणारा तीनशेचं सुचवतो. हिशेब करा. एका टीव्हीवर एचडी सिनेमा, ५ मेगाबिट. ४के असेल तर १५. व्हिडिओ मीटिंग ३ ते ४. दोन टीव्ही, दोन मीटिंगा, मोबाइल, कॅमेरा, सगळं एकदम चालू धरलं तरी आमचं घर पन्नासच्या आत बसतं. आम्ही दोनशेचा प्लॅन घेतला होता तो मुलाच्या मोठ्या फाइलींसाठी. त्याचं ते काम संपल्यावर शंभरवर आलो आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बिलाचंही बघा, धंदाच तो आमचा. ४९९ म्हणून सांगितलेला प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैशांना पडतो. ‘अनलिमिटेड’च्या खाली बारीक अक्षरात मर्यादा असते, पुष्कळ प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी, आणि ती ओलांडली की वेग घसरतो. आमच्यासारख्या घरात ती कधी गाठली जात नाही. पण छोट्या प्लॅनची मर्यादा लहान असते, आणि मग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट हळू होतं. ते वहीत लगेच दिसतं.

आणि ‘अप टू’ हे दोन शब्द विसरू नका. शंभरपर्यंत, म्हणजे शंभरच्या खाली कितीही. सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणायला किमान किती वेग लागतो? २००४ मध्ये २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये ५१२ झाला, आणि २०२३ पासून २ एमबीपीएस. म्हणजे शंभरच्या प्लॅनवर तीन आले तरी व्याख्येत ते ब्रॉडबँडच!

१०. तक्रार करताना

‘नेट स्लो आहे’ असं म्हणू नका. त्यावर ‘मोडेम बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर मिळतं. ‘वायरनं जोडलेल्या लॅपटॉपवर, सकाळी सहालाही, तुमच्याच सर्व्हरवर शंभरच्या जागी १८ येतात’ असं सांगा. समोरचा माणूस सरळ बसतो. आणि तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

वायरमन आला की त्याला पॉवर मीटर लावायला सांगा. चपट्या मोबाइलएवढं यंत्र असतं, मोडेममधली हिरव्या टोकाची पिवळी वायर काढून त्यात खोचतात. आकडा उणे येतो. उणे ८ ते उणे २७ च्या मधे असला तर मोडेमला प्रकाश पुरतो. उणे २० च्या आसपास असला तर छानच. समोरच्या वाड्यातल्या ताईंकडं पाऊस आला की नेट जायचं. तिथं आलेला पोरगा ‘राउटर बदला’ म्हणत होता. मीटर लावायला लावला तर उणे २९. मग तो तारेच्या मागोमाग गच्चीवर गेला. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला वायर करकचून आवळून बांधली होती, आणि थोडं पुढं जिथं जोड दिला होता त्या डबीत पाणी. काचेच्या तारेला तीव्र वळण दिलं की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. त्यानं वायर मोकळ्या गोलाईत फिरवली, जोड नव्यानं केला, डबी छपराखाली घेतली. मीटरवर उणे १९. राउटर तोच आहे अजून.

कॉल सेंटरनं तक्रार मिटवली असा मेसेज आला आणि नेट जसंच्या तसं, तर दुसरा फोन करून नवा नंबर घेत बसू नका. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी ठेवावा लागतो, त्याचा पत्ता आणि ई-मेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. जुना डॉकेट नंबर, वहीतल्या तारखा आणि वायरनं केलेल्या टेस्टचे स्क्रीनशॉट जोडून तिथं अपील टाका. अपिलाला फी नाही.